भुईआवळी, गुळवेल आणि उंदराचे यकृत

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर लागोपाठ येणारी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे यकृताच्या नजरेने पाहिली, तर औषध, विष आणि त्या दोहोंची परीक्षा घेणारी विद्या या तिन्ही गोष्टी एका लोकलच्या प्रवासात भेटतात. पावसाळा सुरू झाला की बदलापूरच्या बाजारात भोवतालच्या पाड्यांवरील ठाकर आणि कातकरी स्त्रिया शेवळे, कंटोली, टाकळा, भारंगी या रानभाज्या घेऊन बसतात आणि औषधी पाल्याची, कांडांची जाण याच घरांतून पुढे चालत आलेली असते. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आहेत, तर उल्हासनगर स्थानकासमोर सीएचएम महाविद्यालयाच्या आवारात डॉ. एल. एच. हिरानंदानी औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात औषधी वनस्पतींची ओळख, अर्क काढण्याच्या रीती आणि औषधांच्या परिणामांचे शास्त्र हे विषय शेजारी शेजारी शिकवले जातात.

या शास्त्रात एक वाक्य वारंवार छापले जाते : अमुक वनस्पतीच्या अर्काने उंदरांच्या यकृताचे रक्षण झाले. भारतातील विद्यापीठांमधून गेल्या काही दशकांत या साच्याचे शोधनिबंध मोठ्या संख्येने बाहेर पडले आणि त्यांतील निष्कर्ष पुढे काढ्याच्या बाटलीवर, चूर्णाच्या डबीवर आणि मोबाइलवरून फिरणाऱ्या संदेशांत 'लिव्हर साफ करणारे औषध' या रूपाने अवतरले. प्रयोगशाळेतील ते वाक्य खरे असते, परंतु ते एका अत्यंत अरुंद प्रश्नाचे उत्तर असते. तो प्रश्न कोणता होता हे समजून घेतल्याशिवाय त्या उत्तराची किंमत करता येत नाही.

कुंपणाकडेची वनस्पती

यकृतासाठी सर्वाधिक तपासल्या गेलेल्या भारतीय वनस्पतींपैकी भुईआवळी ही या तिन्ही शहरांत कोणीही न लावता उगवते. जूनच्या सरींनंतर इमारतींच्या कुंपणाकडेला, कुंड्यांत आणि रेल्वेच्या हद्दीतील पडीक जागेत ही वीतभर उंचीची रोपे दिसू लागतात. वरून पाहिल्यास आवळ्याच्या डहाळीची छोटी प्रतिकृती वाटावी अशी तिची पाने असतात आणि डहाळी उलटी केली की पानांच्या तळाशी मोहरीएवढ्या हिरव्या फळांची एक ओळ लटकलेली दिसते. आयुर्वेदात तिला भूम्यामलकी म्हणतात आणि काविळीवर तिचा रस ताकातून किंवा दुधातून देण्याची रीत महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत आहे.

अडचण पहिल्याच पायरीवर येते, कारण भुईआवळी या एका नावाखाली फायलँथस प्रजातीच्या अनेक बहिणी बाजारात विकल्या जातात. फायलँथस अमारसच्या फुलाला पाच दळे असतात, फायलँथस फ्रॅटर्नसच्या फुलाला सहा. फायलँथस युरिनारियाचे फळ खरखरीत असते. आणि जुन्या भारतीय निबंधांत ज्या वनस्पतीला फायलँथस निरुरी म्हटले गेले ती बहुतेक वेळा अमारसच असावी, असे वनस्पतिशास्त्रज्ञांनी नंतर दाखवून दिले. म्हणूनच काटेकोर अभ्यासात रोप उपटल्यावर ते प्रथम दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून तज्ज्ञांकडून ओळखून घेतले जाते. मुंबई आणि ठाणे परिसरातील संशोधकांसाठी सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संदर्भसंग्रह, हे अशा ओळखीचे परिचित ठिकाण आहे. तेथे मिळालेला नमुना क्रमांक निबंधात नोंदलेला नसेल, तर पुढचा सारा प्रयोग नेमका कोणत्या झाडावर झाला हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही.

या वनस्पतीवरील मुंबईच्या कामाची एक नोंद १९९५ सालची आहे. रा. ता. साने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फायलँथस अमारस आणि फायलँथस डेबिलिस या दोन जाती जाणीवपूर्वक वेगळ्या ठेवल्या, कार्बन टेट्राक्लोराइडने यकृत बिघडवलेल्या उंदरांवर त्यांची परीक्षा घेतली आणि 'करंट सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष मांडला. याच परंपरेत २००५ साली सुनीता शैलजन, नरेश चंद्र, साने आणि शशिकुमार मेनन यांनी कोळसुंद्यावर, म्हणजे ओलसर जागी उगवणाऱ्या काटेरी तालिमखान्यावर, तशाच पद्धतीचे काम प्रसिद्ध केले.

पाल्यापासून अर्कापर्यंत

घरात पाला वाटून कापडातून पिळला की स्वरस मिळतो आणि पाण्यात उकळून आटवला की काढा होतो; प्रयोगशाळेतील अर्क मात्र या दोहोंपेक्षा वेगळा पदार्थ असतो. पाला सावलीत वाळवून त्याची भरड पूड करतात, ती सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात भरतात आणि खाली उकळणाऱ्या अल्कोहोलची वाफ वर थंड होऊन त्या पुडीतून पुन्हा पुन्हा झिरपेल अशी योजना करतात. कित्येक तासांनी खालच्या चंबूत जमलेले गडद हिरवे द्रावण कमी दाबाखाली आटवले की मधासारखा चिकट गोळा उरतो. शंभर ग्रॅम पुडीतून असा गोळा पाच ते पंधरा ग्रॅम निघणे सर्वसाधारण मानले जाते.

द्रावक बदलला की अर्कातील घटकही बदलतात. पाण्यात टॅनिन आणि शर्करा उतरतात, अल्कोहोलमध्ये फ्लॅव्होनॉइड आणि लिग्नान अधिक प्रमाणात येतात, तर हेक्झेनसारख्या द्रावकात मेण व तेलकट द्रव्ये येतात. भुईआवळीतील फायलँथिन आणि हायपोफायलँथिन ही लिग्नान वर्गातील द्रव्ये अल्कोहोलच्या अर्कात भरपूर असू शकतात, पण ताकातून घेतलेल्या रसात ती त्याच प्रमाणात असतील असे नाही. त्यामुळे अल्कोहोलच्या अर्कावरील प्रयोगाचा दाखला देऊन पाण्यातला काढा विकणे म्हणजे एका पदार्थाची परीक्षा घेऊन दुसऱ्याला प्रमाणपत्र देणे होय.

पिंजरा, सुई आणि नियम

या प्रयोगांतील उंदीर घरातला किंवा गटारातला नसतो. अमेरिकेतील विस्टर इन्स्टिट्यूटमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी वाढवलेल्या पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या वंशाचे हे उंदीर आज जगभरच्या प्राणिगृहांत आढळतात आणि प्रयोगासाठी बहुधा दीडशे ते दोनशे ग्रॅम वजनाचे तरुण नर निवडले जातात. बारा तास उजेड व बारा तास अंधार, सुमारे २२ अंश तापमान, ठरावीक खाद्याच्या गोळ्या आणि नव्या जागेची सवय होण्यासाठी आठवडाभराचा अवधी, अशी त्यांची व्यवस्था असते. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० याखाली स्थापन झालेल्या केंद्रीय समितीकडे प्राणिगृहाची नोंदणी आणि संस्थेच्या नैतिकता समितीची पूर्वमंजुरी असल्याशिवाय असा प्रयोग करता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली प्राणिशास्त्राच्या वर्गांतील विच्छेदन बंद केल्यानंतर तर जिवंत प्राण्यांवरील काम औषधनिर्माणशास्त्र व वैद्यकशास्त्राच्या नोंदणीकृत प्राणिगृहांपुरतेच बव्हंशी उरले आहे.

नेहमीच्या रचनेत सहा-सहा उंदरांचे पाच गट करतात. पहिल्या गटाला केवळ पाणी मिळते; दुसऱ्याला फक्त विष; तिसऱ्याला विषाबरोबर सिलिमारिन, म्हणजे युरोपातील मिल्क थिसल या काटेरी झाडाच्या बियांतील, तुलनेसाठी प्रमाण मानलेले औषध; आणि उरलेल्या दोन गटांना विषाबरोबर परीक्षेतल्या अर्काची एक लहान व एक मोठी मात्रा. टोकाला गोल बोंड असलेली वाकडी पोलादी सुई तोंडातून अन्ननलिकेत घालून अर्क थेट जठरात सोडला जातो. उंदराचे डोके आणि मान एका रेषेत धरून सुई आपल्या वजनानेच खाली उतरू द्यायची असते. जोर लावला तर ती श्वासनलिकेत शिरते आणि प्राणी दगावतो. या हातकसबात नवखा विद्यार्थी चुकला, तर अर्काचा दोष नसतानाही गटातले प्राणी कमी होतात आणि सहाच्या गटात एक गेला तरी सरासरी हलते.

विष देऊन झाल्यावर साधारण चोवीस तासांनी रक्त घेतात आणि प्राण्याला वेदनारहित मृत्यू देऊन यकृत बाहेर काढतात. रक्तात एसजीपीटी आणि एसजीओटी ही विकरे मोजली जातात, जी सामान्यतः यकृतपेशींच्या आत राहतात आणि पेशी फुटल्या की रक्तात सांडतात. त्यांच्या जोडीला अल्कलाइन फॉस्फेटेज, बिलिरुबिन आणि प्रथिने पाहिली जातात. यकृताचे तुकडे फॉर्मलिनमध्ये टिकवून, मेणात बसवून, त्यांचे काही हजारांश मिलिमीटर जाडीचे काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, की निरोगी यकृतात मधल्या शिरेपासून आऱ्यांसारख्या पसरलेल्या पेशींच्या रांगा दिसतात, तर विषबाधित यकृतात त्या शिरेभोवतीचा भाग फिकट, फुगलेला, मेदाच्या रिकाम्या थेंबांनी भरलेला किंवा सरळ मृत झालेला दिसतो.

विषाचे काम

कार्बन टेट्राक्लोराइड हा रंगहीन, गोडसर वासाचा द्रव एके काळी कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगमध्ये आणि अग्निशामक नळकांड्यांत सर्रास वापरला जात होता, इतकेच नव्हे तर १९२० च्या दशकात आकडीकृमीवर माणसांना औषध म्हणूनही दिला जात होता. ओझोनच्या थराला तो घातक असल्याने माँट्रियल करारान्वये द्रावक आणि अग्निशामक म्हणून त्याचा वापर आटोपला, परंतु उंदरांच्या यकृताला ठरल्या वेळी, ठरल्या जागी इजा करण्याचे साधन म्हणून प्रयोगशाळेत तो टिकून राहिला.

हा द्रव स्वतः फारसे काही करत नाही. यकृतपेशीतील सायटोक्रोम पी-४५० कुळातील २ई१ नावाचे विकर त्याचा एक क्लोरीन अणू काढून घेते आणि उरलेला तुकडा मुक्त मूलक बनतो, म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी अपुरी राहिल्यामुळे शेजारच्या रेणूवर तुटून पडणारा कण. तो पेशीच्या आवरणातील मेदाम्लांवर हल्ला करतो, त्यातून आणखी मूलके जन्मतात आणि आवरण जागोजागी फाटते. हे विकर मधल्या शिरेभोवतीच्या पेशींत सर्वाधिक असते, म्हणूनच इजाही तेथेच होते. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेने होणारी इजा अशाच वाटेने जाते : तेथेही यकृत स्वतः औषधाचे विषारी रूप बनवते आणि ग्लुटाथायोन हा रक्षक साठा संपला की पेशी मरतात.

आधी दिलेले औषध

येथे या साऱ्या शास्त्रातला कळीचा प्रश्न उभा राहतो. पुष्कळ प्रयोगांत अर्क आधी सात किंवा चौदा दिवस दिला जातो आणि विष शेवटी. रक्तातील एसजीपीटी कमी वाढले, तर अर्काने यकृताचे रक्षण केले असा निष्कर्ष निघतो. मात्र अर्कातील एखाद्या घटकाने २ई१ हे विकरच रोखून धरले असेल, तर विष मुळात तयारच झालेले नसते; यकृत बळकट झाले नाही, त्याची दुरुस्तीही झाली नाही, केवळ त्या एका विषाची वाट अडली. दोन्ही परिस्थितींत रक्ताचा अहवाल सारखाच येतो.

रुग्णाच्या बाजूने पाहिले तर ही उणीव ठळक होते. काविळीचा रुग्ण डोळे पिवळे झाल्यावर येतो आणि दारूने यकृत सुजलेला माणूस अनेक वर्षांच्या इजेनंतर येतो. इजेच्या पंधरा दिवस आधी काढा सुरू करण्याची सोय कोणालाच नसते. त्यामुळे अर्क विषानंतर दिल्यावर काय घडते, विकराची क्रिया वेगळी मोजली होती का आणि इजा करणारे विष बदलल्यावरही परिणाम टिकतो का, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या निबंधात असतील त्याचे वजन इतरांपेक्षा जास्त धरले पाहिजे. शिवाय उंदराचे यकृत मुळातच चिवट आहे. हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ साली त्याचा दोनतृतीयांश भाग कापून टाकण्याची रीत मांडली, आणि तेवढे कापल्यावरही ते साधारण दहा दिवसांत वजनाने पूर्ववत होते. एकदाच दिलेल्या विषातून काही दिवसांनी ते आपोआपच सावरते, तेव्हा रक्त कोणत्या दिवशी घेतले यावरही निकाल अवलंबून राहतो.

काविळीची माळ आणि नियंत्रण गट

फक्त विष दिलेला, अर्क न मिळालेला दुसरा गट अनेकांना निष्ठुरपणाचा वाटतो, पण त्याची गरज कळण्यासाठी काविळीवरील गावठी उपचार पाहावेत. गळ्यात घातलेली काडक्यांची माळ दिवसागणिक लांब होत जाते आणि कावीळ 'उतरते' असे सांगितले जाते. कोवळ्या काड्या सुकून बारीक होतात, गाठी सैलावतात आणि माळ वाढते. ती निरोगी माणसाच्या गळ्यात किंवा खुंटीवरही तेवढीच वाढते. हात चुन्याच्या पाण्यात धुतल्यावर पाणी पिवळे होण्याचा प्रकार हातांना आधी लावलेल्या आंब्याच्या सालीच्या रसाने घडतो, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी महाराष्ट्रात वारंवार करून दाखवले आहे.

तरीही या उपचारांवरचा विश्वास टिकतो, याचे कारण दूषित पाण्यातून पसरणारी अ आणि ई विषाणूंची कावीळ बहुसंख्य रुग्णांत काही आठवड्यांत स्वतःहून बरी होते. माळ घातली, रस प्याला किंवा काहीच केले नाही, तरी बहुतेक जण बरे होतात आणि श्रेय जे केले त्याला मिळते. काहीच न मिळालेल्यांशी तुलना केल्याशिवाय औषधाचा वाटा वेगळा काढता येत नाही. कुटकी या औषधी वनस्पतीवरील मुंबईच्या अभ्यासाचे महत्त्व यातच आहे : अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात उंदरांवरील प्रयोगांबरोबरच विषाणुजन्य काविळीच्या रुग्णांचे कुटकी घेणारे आणि निष्क्रिय भुकटी घेणारे असे दोन गट होते, आणि बिलिरुबिन ठरावीक पातळीपर्यंत उतरण्यास लागणारा काळ कुटकीच्या गटात लक्षणीयरीत्या कमी आढळला. रुग्णसंख्या लहान असली, तरी तुलनेची चौकट पक्की होती.

भुईआवळीच्या वाट्याला याच्या उलट अनुभव आला. मद्रासच्या संशोधकांनी १९८८ साली 'लॅन्सेट'मध्ये हेपटायटिस-बी विषाणूच्या वाहकांवरील निष्कर्ष मांडले, ज्यांत वनस्पती घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचा पृष्ठभागीय प्रतिजन नाहीसा झाला होता, तर निष्क्रिय भुकटी घेतलेल्या २३ पैकी एकाच्याच. जगभर त्याचा गाजावाजा झाला, परंतु नंतरच्या अभ्यासांत तो परिणाम पुन्हा दिसला नाही.

केईएममधील गुळवेल आणि साथीतील गुळवेल

मुंबईच्या केईएम रुग्णालयात आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी गुळवेलीवर केलेले काम या क्षेत्रात वेगळे उठून दिसते. 'फुलवा' आणि 'वृक्षगान' या पुस्तकांमुळे मराठी वाचकाला परिचित असलेल्या या औषधशास्त्रज्ञ विदुषीने आणि निर्मला रेगे, रवी बापट आदी सहकाऱ्यांनी प्रश्नच नेमका निवडला. पित्तनलिका अडून होणाऱ्या काविळीत रुग्ण शस्त्रक्रियेनंतर बऱ्याचदा जंतुसंसर्गाने दगावतात, कारण त्यांच्या रक्तातील जंतुभक्षक पेशी मंदावलेल्या असतात. उंदरांची पित्तनलिका बांधून हीच स्थिती निर्माण केली गेली आणि गुळवेलीने त्या पेशींची मारकशक्ती परत येते का, हे तपासले गेले. उत्तर अनुकूल आल्यावर तीस रुग्णांवर अभ्यास झाला. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार नेहमीच्या उपचारांच्या गटात निम्म्या रुग्णांना रक्तात जंतुसंसर्ग झाल्याची चिन्हे दिसली, गुळवेल मिळालेल्या गटात एकालाही नाही. उंदरातील बिघाड आणि रुग्णातील बिघाड एकच होता, म्हणून उंदराचे उत्तर माणसाला लागू पडले.

मग २०२० साल आले. करोनाच्या साथीत प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी घरोघर गुळवेलीचे काढे उकळू लागले आणि सोसायट्यांच्या कुंपणावर चढलेल्या वेलीही खुडल्या गेल्या. त्या वर्षअखेरीस मुंबईच्या यकृततज्ज्ञांना गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण आढळले आणि २०२१ साली त्यांनी त्यांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हा संबंध नाकारला आणि टिनोस्पोरा क्रिस्पा या दिसायला जवळच्या, यकृतास अपायकारक समजल्या जाणाऱ्या वेलीशी गल्लत झाली असण्याची शक्यता मांडली. पुढे २०२२ साली देशातील १३ केंद्रांनी एकत्र येऊन अशा ४३ रुग्णांचा अभ्यास मांडला, ज्यांतील बहुतेकांच्या यकृतात स्वयंप्रतिकारक दाहाची, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींनी स्वतःच्याच यकृतावर केलेल्या हल्ल्याची, लक्षणे होती. जंतुभक्षक पेशींना चेतवणारा जो गुण अडलेल्या पित्तनलिकेच्या रुग्णाला तारतो, तोच गुण स्वयंप्रतिकारक विकाराकडे कल असलेल्या शरीरात उलटू शकतो, असे या तज्ज्ञांचे म्हणणे आहे.

निरोगी, तरुण, एकाच वंशाच्या नर उंदरांत हा धोका दिसण्याची शक्यताच कमी होती. संख्याशास्त्रही तेच सांगते : सहापैकी एकाही उंदराला इजा झाली नाही, तरी ती इजा दर तिघांत एकाला होणारी असण्याची शक्यता त्या प्रयोगाने निकालात निघत नाही, मग हजारांत एकाला होणारी इजा त्यात कशी दिसावी?

मात्रेचा हिशेब

उंदराची मात्रा माणसाला लावताना केवळ वजनाच्या पटीने गुणले जात नाही, कारण लहान प्राण्यांचा चयापचय जलद असतो. प्रचलित ठोकताळ्यानुसार उंदराची दर किलोमागील मात्रा सुमारे ६.२ ने भागली की माणसाची तुल्य मात्रा मिळते. उंदराला किलोमागे २०० मिलिग्रॅम अर्क दिला असेल, तर माणसाला किलोमागे ३२ मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीला रोज सुमारे १.९ ग्रॅम अर्क लागेल. आणि पुडीतून दहा टक्के अर्क निघत असेल, तर त्यासाठी १९ ग्रॅम सुकी पूड. चिमूटभर चूर्ण असलेली अर्ध्या ग्रॅमची एक कॅप्सूल या हिशेबात कोठेच बसत नाही. शरीररचनेचे फरक वेगळेच : उंदराला पित्ताशय नसते आणि पॅरासिटामॉलची जी मात्रा माणसाला घातक ठरते, ती उंदीर बऱ्याच प्रमाणात पचवतो.

बदलापूरचे जांभूळ आणि पुढची पायरी

या पट्ट्याला स्वतःचा विषय हवा असेल, तर तो जूनमध्ये टोपल्या भरून बाजारात येतोच. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. जांभळाच्या पानांचा अर्क ब्राझीलमध्ये आणि गराचा अर्क आसाममध्ये उंदरांच्या यकृतावर तपासला गेला असून दोन्हीकडे अनुकूल निष्कर्ष निघाले. गर खाऊन फेकल्या जाणाऱ्या बियांचे चूर्ण मधुमेहासाठी पूर्वापार वापरात आहे, आणि आज यकृतात मेद साठण्याचा विकार मधुमेह व स्थूलपणाबरोबरच वाढत असल्याने बियांचा प्रश्न कार्बन टेट्राक्लोराइडपेक्षा मेदयुक्त खाद्यावर वाढवलेल्या उंदरांत विचारणे अधिक सयुक्तिक ठरेल. झाड ओळखलेले, द्रावक व उतारा नोंदलेला, अर्क इजेनंतर दिलेला, दोन्ही लिंगांचे प्राणी घेतलेले, काप पाहणाऱ्याला गट माहीत नसलेला आणि प्रतिकूल निकालही छापलेला, असा एक प्रयोग साच्यातल्या दहा निबंधांहून अधिक शिकवील आणि एकूण कमी प्राण्यांचा जीव घेईल.

उंदरावरील अनुकूल निकालाचा अर्थ एवढाच होतो की पुढची परीक्षा घेण्यास हरकत नाही. त्या निकालावर औषध विकण्याची परवानगी काढता येत नाही. तोवर वाचकाच्या हाती एक साधी गोष्ट उरते. एसजीपीटी वाढल्याचा कागद घेऊन डॉक्टरांसमोर बसल्यावर गोळ्यांची यादी सर्वजण सांगतात, पण सकाळचा काढा, शेजाऱ्यांनी दिलेला रस आणि ऑनलाइन मागवलेली कॅप्सूल औषधात न धरल्यामुळे सांगायची राहते. ती न विचारता सांगावी, आणि ज्या पाल्यापासून ती बनली त्याची एखादी डहाळी घरात असेल तर तीही सोबत न्यावी, म्हणजे निदानाची सुरुवात झाड ओळखण्यापासून होऊ शकेल.